भावोजींना सूट चालत नाही

माझ्या भावोजींइतका रागीट माणूस सिंधुदुर्ग जिल्ह्यात दुसरा नाही. असलाच तर तो अजून भावोजींच्या समोर आलेला नाही, एवढंच. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कुणकेश्वरजवळच्या एका वाडीत त्यांची हापूसची बाग आहे, बागेत चिऱ्याचं घर आहे, आणि त्या घरात ताई इतकी वर्षं या माणसाबरोबर नांदते आहे याचं मला जेवढं नवल वाटतं तेवढाच तिचा रागही येतो. सुरुवातीलाच तिनं चार वेळा आवाज चढवला असता तर पुढचं सगळं आम्हाला भोगावं लागलं नसतं. भावोजी सकाळी उठतात तेच रागावून. चहा होईपर्यंत चालतो तो नुसता सराव. शेजारच्या कोंबड्यावर राग, कारण तो वेळेआधी आरवतो. टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईवर राग, कारण ती ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणते पण ठिकाणाचं नाव सांगत नाही. मोबाइलमधल्या त्या आपोआप बोलणाऱ्या बाईवर तर विशेष दात. ‘आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती उत्तर देत नाही,’ असं ती म्हणाली की भावोजी फोन तोंडासमोर धरून ओरडतात, “तुका कोणी इचारल्यान? मगे मधी कित्याक बोलतंस?” आणि फोन न उचलणारा माणूस राहतो बाजूला, त्या बाईशीच यांचं भांडण सुरू होतं.

त्यांच्या रागाला दोन भाषा आहेत. घरात, बागेत, तिठ्यावर ते मालवणीत रागावतात आणि तो राग वाऱ्यासारखा येतो नि जातो, त्याचं कुणी मनावर घेत नाही. पण तहसील कचेरी, बँक, वीज मंडळ असल्या ठिकाणी पाऊल टाकलं की ते एकदम शुद्ध मराठीत शिरतात. ‘आपण’, ‘कृपया’, ‘मी आपणांस विचारू इच्छितो की’ असं सगळं व्यवस्थित, इस्त्री केल्यासारखं. समोरच्याला वाटतं, काय सभ्य गृहस्थ आहेत. मी अशा वेळी दाराजवळची खुर्ची पकडतो. कारण ही शुद्ध मराठी त्यांच्याजवळ बेताचीच आहे, ती संपली की आतून मालवणी वर येते, आणि कचेरीत वर आलेली मालवणी ही घरातल्या मालवणीसारखी नसते. एकदा वीज मंडळाच्या कारकुनानं त्यांना ‘काका, जरा समजून घ्या’ म्हटलं होतं. “मी आपलं म्हणणं समजून घेतलेलं आहे,” भावोजी म्हणाले, “आता तू माझा समजान घे, मेल्या!” एवढ्या एका वाक्यात त्यांनी दोन्ही भाषा संपवल्या. त्या कारकुनानं पुढे बदली मागून घेतली असं म्हणतात. मला ते खरं वाटतं.

पण या सगळ्या रागांत त्यांचा एक राग असा आहे, की बाकीचे त्याच्यापुढे लाड वाटावेत. भावोजींना सूट चालत नाही. दुकानदारानं किंमत कमी केली तर आपल्यासारख्यांना बरं वाटतं. भावोजींना त्यात आपली फसवणूक दिसते. कमी करता येण्यासारखी होती तर आधी जास्त सांगितलीस कशाला, हा त्यांचा सवाल. टूथपेस्टच्या ट्यूबवर ‘पंचवीस टक्के जादा’ असं छापलेलं असतं ना, ते वाचून हा माणूस तोंडात फेस घेऊन अंगणात येतो आणि विचारतो, “जादा म्हंजे कोणापेक्षा?” डोक्यावरचे केस विरळ झाले तेव्हा बाजारातल्या न्हाव्यानं प्रेमानं म्हटलं, काका, तुमचे अर्धेच द्या. तर भावोजी अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून उठले. “केस कमी झाले, डोक्या तेवढाच आसा!” म्हणाले, आणि पुरे पैसे गल्ल्यावर ठेवून अर्ध्या दाढीनं घरी आले. कणकवलीला एकदा माझ्याबरोबर शर्ट घ्यायला आले होते. तिथं दोनांवर एक फुकट. “मला तिसरा नको आहे. मला दोनांची किंमत सांगा,” भावोजी म्हणाले. दुकानदार म्हणाला, किंमत तीच, तिसरा तुम्हाला भेट. यावर अर्धा तास झाला. शेवटी भावोजींनी दोन शर्ट घेतले आणि तिसरा दुकानाच्या दाराला टांगून आले. तो माझ्या मापाचा होता. हे मी अजून विसरलेलो नाही.

स्वतः विकतानाही हाच कायदा. आंब्याच्या दिवसांत ते देवळाच्या वाटेवर पेट्या मांडून बसतात. पर्यटक गाडीतून उतरतात, आंबा हुंगतात आणि सवयीनं म्हणतात, “काका, काहीतरी कमी करा ना.” भावोजी पेटीमागे पन्नास रुपये वाढवतात. गिऱ्हाइकाला वाटतं, ऐकण्यात चूक झाली. तो पुन्हा म्हणतो. भावोजी पुन्हा वाढवतात. पुण्याच्या एका बाईंनी इतकी चिकाटी धरली की पेटीची किंमत त्यांच्या येण्याजाण्याच्या खर्चाच्या वर गेली. शेवटी त्यांच्या नवऱ्यानं त्यांना गाडीत बसवलं, मागे येऊन हळूच विचारलं, “मघाची पहिली किंमत किती होती हो?” भावोजींनी ती सांगितली, त्याला त्याच किमतीला पेटी दिली आणि वर दोन आंबे जास्तीचे घातले. हे दोन आंबे म्हणजे सूट नव्हे का, असं मी एकदा विचारलं. त्या दिवशी मला जेवण मिळालं, पण माशाची तुकडी मिळाली नाही.

तर असला हा माणूस गाडीच्या शोरूममध्ये गेला, आणि त्याला तिथं घेऊन जाणारा मी होतो.

झालं होतं असं. गेल्या मोसमात ताई-भावोजींचा आंबा टेम्पोवाल्यानं बुडवला. भाड्याच्या टेम्पोचा मालक गोड बोलायचा, ‘उद्या नेतंय’ म्हणायचा, आणि जो वर पैसे द्यायचा त्याच्या पेट्या आधी उचलायचा. भावोजी वर पैसे देणार? ठरलेलं भाडं ते भाडं. पेट्या मांगरात पडून राहिल्या. मांगर म्हणजे बागेतली त्यांची पत्र्याची शेड. वरून ती तापली, आतला आंबा खदखदून पिकला, आणि वर्षभराची मेहनत ताईनं घमेल्यात भरून खड्ड्यात ओतली.  दिवाळी झाल्यावर बाग कराराने घेणारा एक व्यापारी येऊन गेला. मोहोरापासून फळापर्यंत सगळं त्याचं. मालकानं रक्कम घ्यायची आणि आपल्याच झाडाखाली पाहुण्यासारखं बसायचं. ताईनं त्याला नाही म्हटलं नाही. भावोजींना तिनं एवढंच सांगितलं, “गाडी आपली दारात इली तर बाग आपली. नाय तर बेस्तरवारी संध्याकाळी तो येतलो, तेका देवन टाकूया. माका परत आंबे पुरूचे नाय आसत.” भावोजींनी आयुष्यात ज्याच्यावर राग काढला नाही अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ती बाग. कलमं त्यांनी स्वतःच्या हातानं लावली, पाणी कावडीनं घातलं. ते त्याच बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी सकाळी, पहिल्या एसटीनं कणकवलीत माझ्या दारात उभे राहिले. मी कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला. रजा टाकली, बँकेची कागदपत्रं आधीच झालेली होती. म्हटलं, दुपारपर्यंत गाडी घेऊन मोकळे होऊ. माझ्या अकलेची मला आजही कीव येते.

हायवेवरचं ते शोरूम डिसेंबरच्या ऑफरांनी नटलेलं होतं. फुगे, झिरमिळ्या, आणि भिंतीभर ‘वर्षअखेरची महाबचत’. ती अक्षरं पाहूनच भावोजींच्या मानेची शीर उठली. सेल्समन गळ्यात टाय बांधून धावत आला. “या काका, काही काळजी करू नका. पिकअपवर भरपूर डिस्काउंट आहे!”

“मी आपल्याकडे डिस्काउंट मागितला आहे का?” भावोजी शुद्ध मराठीत म्हणाले. “मी गाडीची किंमत विचारण्यास आलो आहे.”

“एक्स-शोरूम सांगू की ऑन-रोड?”

“गाडी रस्त्यावरच चालवायची आहे. माडावर नाही.”

सेल्समन हसला. त्यानं किंमत सांगितली आणि लगेच ती कमी करायला लागला. वर्षअखेरची इतकी, रोख भरलीत तर आणखी इतकी, शेतकरी असाल तर शेतकऱ्यांची वेगळी. भावोजींनी विचारलं, मासेवाल्यांना? त्यांना वेगळी. डॉक्टरांना? त्यांना कॉर्पोरेट. “जुनी गाडी असेल तर एक्स्चेंज बोनस पण आहे, काका. घरात जुनं काही आहे का?” यावर भावोजींची पहिली मालवणी फुटली. “घरात जुना म्हणशीत तर मी एकटो आसंय. माका घेतास?” सेल्समनला ती थट्टा वाटली. त्यानं टाळी द्यायला हात पुढे केला. तो हात तसाच हवेत राहिला, कारण भावोजी उठून उभे राहिले होते. “गाडी तीच, रंग तोच, आणि माणूस बघून किंमत? हा व्यवहार आहे की तमाशा?”

इथून जे सुरू झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मलाही खरं वाटलं नसतं. भावोजी सूट देतात म्हणून चिडत होते, आणि शोरूमवाल्यांना वाटलं की सूट कमी पडते म्हणून चिडतायत. सेल्समन आत पळाला आणि मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर गोरागोमटा, बोलणं इतकं शुद्ध की मूळ गाव कुठलं याचा थांग लागू नये. त्यानं भावोजींना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि किंमत आणखी कमी केली. भावोजींनी पाणी परत केलं. मॅनेजरनं हँडलिंग चार्ज सोडला. भावोजींनी विचारलं, सोडता येत होता तर इतका वेळ हा चार्ज हातात कशाला धरला होता? मॅनेजरनं सीट कव्हर फुकट दिलं, पायपुसणी फुकट दिली, मडफ्लॅप फुकट दिले. “फुकट?” भावोजी कडाडले. “मगे तेंची किंमत खंय लपवलंस ती दाखय!” मॅनेजर कपाळाचा घाम पुसत कॅल्क्युलेटरवर बोटं मारत होता. भावोजी जितका आवाज चढवत तितका आकडा उतरत होता. मला बाजूला घेऊन मॅनेजर हताशपणे म्हणाला, “तुमचे भावोजी फारच पोचलेले आहेत हो. एवढं ताणणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही.” मी त्याचा गैरसमज तसाच राहू दिला. माणूस आहे मी. आकडा उतरताना मला आनंद होत होता. शेवटी मॅनेजरनं वरच्या साहेबांना फोन लावला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “साहेबांनी खास मंजुरी दिली. आजच्या दिवसात एका गाडीला, एकाच. यापुढे मी गेलो तर माझी नोकरी जाईल.”

मी बाहेर येऊन ताईला फोन केला आणि सुटीचा आकडा सांगितला. ताईनं तो दोनदा विचारून घेतला. मग तिचा आवाज असा काही खुलला की गेल्या मेपासून मी तो ऐकला नव्हता. व्यापारी ठरल्या वेळेआधीच येऊन खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसला होता, कागद घेऊन. ताईनं फोन बाजूलाही केला नाही, तिथूनच त्याला ऐकवलं, “आयकलास? आमच्या ह्येंनी शोरूमवाल्यांका लोळवल्यानी!” मग मला म्हणाली, “त्या पैशात मांगराचे पत्रे बदलूया रे बाबू. पन काळोख पडायच्या आधी येवा. तो मनीस कागद घेवन बसलो हा, आणि गाडी दारात नाय इली तर तो सही घेवनच उठतलो.”

मी आत आलो आणि भावोजींच्या कानाशी लागलो. बागेचं नाव काढलं, व्यापाऱ्याच्या कागदाचं नाव काढलं. भावोजींनी फुग्यांकडे एकदा रागानं पाहिलं. मग त्यांनी पेन उचललं. एवढ्यात टेबलावर बिस्किटांचा डबा आला, नारळाची घरगुती बिस्किटं, वरून सोनेरी. भावोजींनी एक घेतलं, दुसरं घेतलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा माणसासारखा झाला. “कोणी केली?” त्यांनी विचारलं. सेल्समननं बोट दाखवलं. पलीकडे एक बाई बसल्या होत्या, वेंगुर्ल्याकडच्या, गळ्यात बारीक क्रूस, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. त्यांची पावाची बेकरी होती. जुनी व्हॅन बंद पडली म्हणून नाताळच्या केकच्या ऑर्डरी अडल्या होत्या, आणि आज त्यांना पिकअप मिळत होती. तीच पिकअप, तोच पांढरा रंग. शोरूमची माणसं चांगली वागली म्हणून त्या सगळ्यांसाठी डबा घेऊन आल्या होत्या.

भावोजी कौतुकानं उठून त्यांच्याजवळ गेले. “बिस्किटां बरी झाली हत गो बाय. गाडी कितक्याक पडली?”

बाईंनी किंमत सांगितली. भिंतीवर होती ती. पुरी, हँडलिंग चार्जसकट, पायपुसण्यांसकट.

“आणि सूट?”

“माका सुटीचा काय कळना नाय हो. तेंनी सांगल्यानी, मी दिलंय. बरी माणसां आसत सगळी.”

मी डोळे मिटून घेतले. भावोजी टेबलाशी परत आले तेव्हा शुद्ध मराठीचा शेवटचा शब्दही त्यांच्यात उरला नव्हता. “शिरा पडो तुमच्या तोंडार!” ते गरजले. “मी बोंबाललंय म्हणान माका कमी, ती गप ऱ्हवली म्हणान तिका जास्त? आणि वर तिचीच बिस्किटां खातास? मी पण खाल्लंय, मेल्यानू! माझ्या पोटात घातलास तुमी ह्या पाप!” मॅनेजर समजूत घालू लागला की प्रत्येकाचा सौदा वेगळा असतो. भावोजी म्हणाले, माझी सूट तिच्या गाडीला लाव. मॅनेजर म्हणाला, असं करता येत नाही. बाई उठून म्हणाल्या, “नको हो भाऊ, तुमची सूट माका कित्याक?” तर भावोजी त्यांच्यावरच उखडले, “तू गप बस गो! गप बसलंस म्हणान तर ह्या झाला!” आता एकाच वाक्यात गप बस आणि गप का बसलीस, हे त्या बिचाऱ्या बाईंनी कसं निभवायचं? इकडे माझा फोन वाजत होता. ताई विचारत होती, निघालात? बाहेर उन्हं कलायला लागली होती. मला इतका संताप आला होता की वाटलं, याच नव्या गाडीखाली स्वतःला घालून घ्यावं. बाग जाणार होती. दुसऱ्याच्या बिलापायी हा माणूस स्वतःची बाग घालवणार होता.

आणि मग भावोजींनी टेबलावरचा नारळ उचलला. शोरूममध्ये गणपतीची तसबीर असते, बिजलीचा दिवा असतो, नव्या गाडीला फोडायला नारळ असतात. भावोजी नारळ घेऊन तसबिरीसमोर उभे राहिले. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे आहे. सगळ्या गावाचं म्हणणं एकानं देवाला मोठ्यानं सांगायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. भावोजींनी घसा खाकरला आणि तो देवळातला आवाज लागला.

“बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा! आज ह्या जाग्यार तुझी लेकरां तुका नारळ ठेवन गाऱ्हाणा घालतत, ता मान्य करून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” दारातला वॉचमन म्हणाला. त्याचा इलाज नव्हता. लहानपणापासून कानात बसलेली गोष्ट, तोंडातून निघूनच जाते.

“ह्या गाडयेची एक किंमत भिंतीर आसा, दुसरी कागदार आसा, आणि तिसरी ह्या मॅनेजराच्या पोटात आसा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आता सेल्समन, हिशेबनीस, वर्कशॉपमधून डोकावणारे दोन मेकॅनिक, सगळेच. बाईसुद्धा.

“जो बोंबालता तेका कमी आणि जो इस्वास ठेयता तेका जास्त, असो उलटो न्याय ह्या घरात चललो हा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तर माझ्या गाडयेची सूट ह्या बायच्या गाडयेक लागू कर, मी भिंतीरची किंमत दितंय, आणि ह्या मॅनेजराक तशी बुद्धी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यांत मोठा आवाज मॅनेजरचा होता. हात जोडलेले, डोळे मिटलेले, टाय छातीवर. मग त्यानं डोळे उघडले आणि आपण काय बोलून बसलो हे त्याच्या लक्षात आलं. “काका,” तो पुटपुटला, आणि पहिल्यांदाच मालवणीत बोलला, “माका फसवलास तुमी.” भावोजी म्हणाले, “माका नाय, देवाक व्हय म्हणालंस. आता लिव.” त्यानं लिहिलं. बाईंचं बिल अजून छापायचं होतं, ते सुटीसकट छापलं गेलं. आमचं पुऱ्या किमतीनं. सही करताना भावोजींचा हात इतका मोकळा चालला की सकाळपासून ते हाच आकडा मागत होते हे मला तेव्हा कुठे उमजलं.

परतीच्या वाटेवर मी रागानं खिडकीबाहेर तोंड करून बसलो. सीटवरचं प्लास्टिक करकरत होतं. भावोजी मात्र मजेत होते, हॉर्न वाजवून बघत होते, कुणाचीही वाट अडलेली नसताना. “बरा वाटला,” म्हणाले. तेव्हा माझा बांध फुटला. मी म्हटलं, बरं वाटलं ना? आता ताईला काय सांगणार आहात? तिला मी सुटीचा आकडा सांगून बसलोय, तिनं त्या व्यापाऱ्याला ऐकवलाय, त्या पैशात पत्रे बदलायचं ठरवून बसलीय ती! मला वाटलं, आता माझ्यावर ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गाडी हळू केली. “तू तिका कित्याक सांगलंस रे?” इतकंच म्हणाले, हळू. मग घर येईपर्यंत हॉर्न वाजला नाही. रागावलेले भावोजी मी हजारदा पाहिले होते. घाबरलेले भावोजी पाहायला मला अजिबात आवडलं नाही.

वाडीत शिरलो तेव्हा समुद्राकडचं आभाळ तांबडं होतं. ताई खळ्याच्या तोंडाशी उभी होती. व्यापारी मांडीवर कागद ठेवून बसलेला. ताईनं गाडीच्या बॉनेटवर हळदकुंकू लावलं, पाणी ओवाळून टाकलं, आणि मागे न वळता त्याला म्हणाली, “बाग देवची नाय. गाडी इली.” व्यापारी समजूतदार होता. कागदाची घडी करून तो उठला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि जाता जाता सहज विचारलं, “मग काय हो, शेवटी सूट नीट मिळाली ना?”

भावोजी माडाच्या शेंड्याकडे बघायला लागले. “सूट,” ते म्हणाले, “व्यवस्थित मिळालेली आहे.”

स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या बायकोसमोर हा माणूस शुद्ध मराठीत बोलला. मी जमिनीकडे पाहिलं. ताईनं भावोजींच्या तोंडाकडे पाहिलं. मग कुंकवाचा करंडा बंद करत तिनं व्यापाऱ्याला सांगितलं, “पत्रे मातर फुडच्या वर्साक घालूचे आसत. तशी काय घाई नाय. मांगर यंदा गळूकच नाय.” मांगर कुठे कुठे गळतो ते मला माहीत आहे, श्रावणात तिथं मीच बादल्या लावल्या होत्या.

व्यापारी गेला. भावोजी गाडीचं दार उघडत-लावत बाहेरच रेंगाळले, घरात येईनात. मी स्वयंपाकघरात ताईच्या मागे गेलो. चुलीवर चहा उकळत होता. “ताई,” मी म्हटलं, “एक सांगायचं होतं.”

“सांगू नको,” ती म्हणाली. “तेंच्या तोंडार लिवलेला आसा सगळा. ह्या माणसाक धड खोटा पन बोलाक येना नाय.”

“मग तू विचारलं का नाहीस?”

ताईनं गाळणी कपावर धरली. “मी इचारलंय असतंय, तर ह्येंका खरा सांगूचा लागला असता.”

कपात तिनं साखर जरा जास्तच घातली, आणि तो माझ्या हातात न देता स्वतःच बाहेर घेऊन गेली.